जुळलेलं रक्त

भूमची एसटी फलाटाला लागली होती आणि मी दारात उभी राहून माणसं आत घेत होते, त्यातच पद्मिन वहिनी चढली. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, आणि चेहरा इतका उतरलेला की क्षणभर मी तिला ओळखलंच नाही. ती येऊन माझ्या सीटशेजारी बसली. गाडी बार्शीच्या बाहेर पडली, मी पुढून तिकिटं काढत मागे आले आणि सवयीने विचारलं, "कुठलं?"

"कुठलंच नाही," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलायचंय, इंदूताई. डेपोत म्हणाले, त्या आता गाडीवरच भेटतील."

पद्मिन म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, भागवतदादाची बायको. दादाशी माझं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याच्याबरोबर माहेरही सुटलं होतं. त्यामुळे ती आली म्हणजे आई गेली असणार, असंच माझ्या मनात आलं. मी तसं विचारलंही. तिने मान हलवली. "आई बऱ्या आहेत. ह्यांचं आहे."

मग दोन थांब्यांच्या मधल्या वेळात तिने सगळं सांगितलं. माणसं चढायची, मी उठायचे, तिकिटं फाडायचे, परत येऊन बसायचे, आणि ती जिथे थांबली असेल तिथून पुढे बोलू लागायची. दादा वीज मंडळात लाइनमन होता. खांबावर चढणारा माणूस, अंगावर काळेनिळे डाग असायचेच, म्हणून आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग एके दिवशी तो निम्म्या खांबावरून धापा टाकत खाली उतरला आणि सोबतच्यांनी त्याला घरी आणून सोडलं. एका डॉक्टरने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने डेंग्यू समजून सलाइन लावलं. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कमरेच्या हाडात सुई घालून तपासलं, तेव्हा कळलं की त्याच्या अंगात रक्त तयार व्हायचंच थांबलं आहे.

"थांबलंय म्हणजे?"

"म्हणजे थांबलंय. बाहेरून पिशव्या लावतात, तेवढ्यावर चाललंय." ती खिडकीबाहेर बघत होती. "दुसऱ्याच्या हाडातलं घालावं लागेल म्हणतात. सख्ख्या भावा-बहिणीचं जुळलं तर जुळतं. ह्यांना तुम्ही एकच आहात."

"दादाने पाठवलं तुला?"

"नाही. ते म्हणाले, तिला विचारायचं नाही. मी माहेरी जाते म्हणून सांगून निघालेय."

भूमला गाडी रिकामी झाली. परतीच्या फेरीलाही ती तशीच बसून राहिली. बार्शी येईपर्यंत मी हो म्हणाले नाही की नाही म्हणाले नाही. डेपोत पोचल्यावर रजा टाकली आणि तिच्याबरोबर पुण्याच्या गाडीत बसले.

माझं लग्न दादानेच जमवलं होतं, त्याच्या दोस्ताशी, रावसाहेबाशी. रावसाहेबाला कसलं व्यसन नव्हतं. चारचौघांत गोड बोलायचा आणि घरात दार लावून मारायचा. एकदा माझं मनगट मोडलं तेव्हा मी माहेरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने मोटारसायकल काढली आणि म्हणाला, बस. मला वाटलं दवाखान्यात नेतोय. त्याने मला रावसाहेबाच्या दारात उतरवलं, तिथला चहा घेतला, आता हेच तुझं घर म्हणाला आणि निघून गेला. पुढे तिथून मी निघाले ती माझी मीच. कंडक्टरची भरती निघाली होती, त्यात लागले, खोली घेतली. माहेरी कळवलं नाही; लोकांकडून त्यांना कळलं असणार, पण तिकडूनही कुणी चौकशी केली नाही.

दवाखान्यात आई बाहेरच्या बाकावर बसली होती. मला बघून उठली, जवळ आली आणि माझ्या दोन्ही दंडांना हात लावून बघितलं, बाजारात जनावर बघावं तसं. "अंगात रगत हाय का पोरी तुझ्या?" तिने विचारलं. एवढ्या वर्षांनी भेटल्यावरचं तिचं ते पहिलं वाक्य. मला त्याचा राग आला नाही. तिच्या डोळ्यांपुढे त्या वेळी दुसरं काही नव्हतंच.

नलावडे नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला, आईला आणि वहिनीला बसवून शांतपणे समजावलं. आपल्या हाडांच्या आत मऊ लगदा असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. अंगातलं सगळं रक्त तिथे तयार होतं. प्राणवायू वाहून नेणाऱ्या लाल पेशी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखम झाली की रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, तिन्ही एकाच जागी जन्माला येतात. लाल पेशी काही महिने जगतात, गोठवणाऱ्या जेमतेम आठवडाभर, म्हणून नवा माल रोज तयार व्हावा लागतो. भागवतच्या मज्जेत आता नुसती चरबी राहिली आहे. जिथून पेशी निघायच्या ते बीजच संपलं आहे.

माझ्या डोळ्यांपुढे डेपो आला. फाटक उघडं, ड्रायव्हर-कंडक्टर कुणी नाही, एकही गाडी सुटत नाही, आणि गावोगावी माणसं थांब्यावर उभी.

आईने विचारलं, "पर का झालं?"

बाई म्हणाल्या, बहुतेक वेळा कारण सापडत नाही. स्वतःच्याच शरीराने स्वतःच्या मज्जेवर हल्ला केला असावा, एवढंच म्हणता येतं. आईने परत विचारलं, करंट लागला होता त्याने झालं का? ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाने झालं का? कुणी खाण्यात काही घातलं का? बाई प्रत्येक वेळी नाही म्हणाल्या. मग आईने विचारायचं सोडलं, पण तिचं समाधान झालं नव्हतं. एवढा मोठा आजार आणि त्याला कारणच नाही, हे तिला पटत नव्हतं.

माझं रक्त तपासायला दिलं. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की सख्खं भावंड असलं तरी चारात एखाद्याचंच पूर्ण जुळतं, आशा धरून बसू नका. आठवड्याने त्या स्वतः बाकापाशी आल्या आणि म्हणाल्या, पूर्ण जुळलं. आई तिथेच जमिनीवर बसली आणि बाईंच्या पायाला हात लावायला गेली. बाई मागे सरकल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझ्या नाही, यांच्या."

त्या दिवशी मी पहिल्यांदा दादाच्या खोलीत गेले. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, हात धुऊन. तो उशीला टेकून बसला होता. खांबावर माकडासारखा चढणारा माणूस तो. आता त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि हातावर सुया टोचल्याच्या जागी मोठाले जांभळे डाग उठले होते. मास्क असूनही त्याने मला लगेच ओळखलं.

"पद्मिन खोटं बोलली माझ्याशी," तो म्हणाला.

"हो."

मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. मग त्याने विचारलं, "मनगट कसं आहे?"

"थंडीत दुखतं."

त्याने मान हलवली. त्या भेटीत याहून जास्त बोलणं झालं नाही.

आधी औषधं देऊन त्याची उरलीसुरली मज्जा रिकामी केली. त्याचे केस गेले, तोंड सोललं, पाणी गिळवेना. मग मला भूल दिली आणि कमरेच्या हाडातून मज्जा काढली. जागी झाले तेव्हा कंबर कुणीतरी लाथांनी तुडवल्यासारखी दुखत होती. वहिनीने मला धरून त्याच्या खोलीच्या काचेपाशी नेलं. दादाच्या डोक्याशी एक पिशवी टांगलेली होती. त्यात काही वेगळं दिसत नव्हतं, साध्या रक्तासारखंच रक्त, थेंब थेंब उतरत होतं. तो एकटक त्या पिशवीकडे बघत होता.

त्यानंतर फक्त वाट बघायची होती. रोज सकाळी त्याच्या पेशी मोजत आणि रोज त्या नसल्यातच जमा असत. त्याच्या खात्यातले लोक गाडी करून रक्त द्यायला येत, देऊन परत जात. आई बाकावरून हलत नव्हती. मग एका सकाळी नलावडेबाई हसत बाहेर आल्या. पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. बाई म्हणाल्या, बहिणीच्या पेशींनी हाडात मुक्काम केला, आता त्या तिथेच रक्त तयार करतील. काही महिन्यांनी भागवतचा रक्तगटसुद्धा बदलून बहिणीचा होईल.

हे त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "म्हणजे आता मीपण दारात उभा राहून लोकांवर ओरडणार," म्हणाला.

ते दिवस चांगले होते. मी तासन् तास त्याच्याजवळ बसायचे. तो मला गाडीवरच्या गोष्टी विचारायचा. कोण फुकट बसतं, कोण भांडतं, बाई कंडक्टर बघून म्हातारे काय म्हणतात. मी सांगायचे. लहानपणीही तो असाच शाळेतल्या गोष्टी विचारायचा. रावसाहेबाचं नाव दोघांनीही काढलं नाही. मला वाटायचं, घरी गेल्यावर कधीतरी निघेल. घाई नव्हती.

एके दिवशी त्याच्या तळहातांवर लाली आली. खाजतंय, म्हणाला. संध्याकाळपर्यंत तळपाय आणि कानही लाल झाले. मला ते औषधाचं वाटलं. नलावडेबाईंनी हात बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दोन-तीन दिवसांत लाली अंगभर पसरली, भाजल्यासारखी कातडी सुटायला लागली. मग जुलाब सुरू झाले, ते थांबेनात. मग डोळे पिवळे झाले.

बाईंनी मला एकटीलाच बोलावलं. म्हणाल्या, तुमच्या पेशी त्यांच्या अंगात उत्तम रुजल्या आहेत, काम जोरात करतायत. पण पांढऱ्या पेशींचं कामच परक्याला ओळखून मारण्याचं असतं. त्यांना आता भागवतचं सगळं शरीर परकं दिसतंय. कातडी, आतडी, यकृत.

"पण जुळलं होतं ना?"

"जुळलं होतं. जुळूनही कधी कधी असं होतं. का होतं, ते आम्ही नेमकं सांगू शकत नाही."

"म्हणजे माझं रक्त त्याला मारतंय."

त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तुमच्याजवळ जे चांगल्यातलं चांगलं होतं ते तुम्ही दिलंत. ते काय करेल, ते कुणाच्याच हातात नसतं. तुमच्याही नाही."

पेशींना दडपणारी औषधं सुरू केली. ती लागू पडली नाहीत. मग त्याहून जहाल दिली. मी रोज काचेपाशी उभी राहायचे. पूर्वी त्याचंच शरीर त्याचा आजार होतं, आता आजार मी होते. माझ्या अंगात त्याच पेशी फिरत होत्या, मला ताप नव्हता, काही नव्हतं. मी जेवत होते, झोपत होते, कंबर दुखायची तेवढं सोडलं तर ठणठणीत होते. कधी वाटायचं, काढलं तसं परत काढून घ्या माझं. बाईंना विचारलंही. त्या म्हणाल्या, आता ते त्याचंच झालंय, त्याशिवाय त्याच्याकडे दुसरं रक्त नाही.

आईला हे कुणी सांगितलं कुणास ठाऊक. बहुतेक वहिनीने. एका दुपारी तिने मला जिन्याखालच्या नळापाशी नेलं. आजूबाजूला कुणी नाही बघून माझे हात धरले.

"इंदे, तू त्याला माफ केलं न्हाई नव्हं?"

मी हात सोडवून घ्यायला गेले, तिने सोडले नाहीत.

"त्यानं तुला त्या दारात नेऊन सोडलं, ते तुझ्या रगतात बसलंय. रगत इसरत न्हाई. तेच आता त्याच्या अंगात जाऊन त्याला डागण्या देतंय. मी तुझ्या पाया पडते. एकदा त्याच्यापाशी जा आन म्हण, दादा, मी माफ केलं. मनापासून म्हण. मग ते निवंल."

मी तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. पेशींना राग-लोभ कळत नाही, पेशींना मी कोण आणि तो कोण हेही माहीत नाही. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी थांबले तशी म्हणाली, "म्हणायला तुझं काय जातंय?"

खरंच, काय जात होतं? चार शब्द होते. पण ते म्हटले की मीच त्याला मारत होते असं कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर माफ केलं होतं की नाही, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी त्याच्यासाठी हाडं टोचून घेतली होती. त्याच्याशी गोष्टी करून हसले होते. पण ती सकाळ आठवली की मी अजूनही मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरायचे. दोन्ही खरं होतं.

आई त्यानंतर रोज माझ्या तोंडाकडे बघायची. मी दादाच्या खोलीतून बाहेर आले की उठून उभी राहायची. मी काही न बोलता पुढे गेले की परत बसायची.

शेवटच्या आठवड्यात दादाचा आवाज अगदी बारीक झाला होता. एके दुपारी मी त्याच्या ओठांना ओला बोळा लावत होते. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "आई तुला काय म्हणते, ते मला माहितीये. पद्मिनने सांगितलं."

मी बोळा वाटीत ठेवला.

"तू काही म्हणू नको."

"का?"

"तू म्हणशील आणि मी नाही वाचलो, तर आई तुला जन्मभर सोडणार नाही. म्हणेल, मनापासून म्हणाली नाही." त्याने श्वास घेतला. "तुला परत तसल्या दारात नेऊन नाही सोडायचं मला."

मी त्याचा हात धरायला गेले आणि थांबले. हाताला कातडीच राहिली नव्हती. कुठे हात लावला म्हणजे त्याला दुखणार नाही, ते कळेना. शेवटी मी पलंगाच्या दांडीवर, त्याच्या हाताशेजारी, माझा हात ठेवला.

"त्या दिवशी मी दोनदा गाडी थांबवली होती," तो म्हणाला. "आठवतं?"

मला आठवत होतं. एकदा ओढ्याच्या पुलावर, एकदा फाट्याच्या अलीकडे. प्लगमध्ये कचरा आलाय म्हणाला होता. खाली बसून इंजिनशी काहीतरी करत राहिला होता. मी मोडलेला हात पोटाशी धरून उन्हात उभी होते.

"गाडीला काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "परत फिरवावी वाटत होती. पण धीर झाला नाही. लोक काय म्हणतील, रावसाहेब काय म्हणेल..." पुढचं त्याला बोलवलं नाही. त्याने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सोललेल्या गालावरून जाताना त्याला झोंबलं असावं, कारण त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. मला ते पुसताही येत नव्हतं.

मी दांडीवर हात तसाच ठेवून बसून राहिले. त्या क्षणी कुणी मला विचारलं असतं, माफ केलंस का, तर मी हो म्हणाले असते. आधीचा एकही दिवस मी तसं म्हणू शकले नसते. पण त्याने विचारलं नाही, आणि मी म्हणाले नाही.

त्यानंतर तो फारसा शुद्धीवर नव्हता. दोन दिवसांनी, दुपारचा चहा वाटायच्या वेळी तो गेला. वहिनी आणि मी आत होतो. आईला आत येऊ दिलेलं नव्हतं, तिला खोकला होता. नलावडेबाईंनी यंत्र बंद केलं, चादर सारखी केली आणि वहिनीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सकाळच्या तपासणीचा कागद त्यांच्या हातात होता. मी विचारलं, रक्त कसं होतं त्याचं? त्यांना सांगायचं नव्हतं, पण मी बघत राहिले तशा म्हणाल्या, चांगलं होतं.

मी बाहेर आले. आई बाकावरून उठली. माझ्याकडे बघून तिला कळलं असणार, पण ती रडली नाही. जवळ आली आणि एकच विचारलं.

"म्हणाली होतीस का?"

नाही म्हणावं, तर मी चार शब्दांसाठी तिचा मुलगा जाऊ दिला असं होणार. हो म्हणावं, तर दादा म्हणाला तेच होणार. पुन्हा एकदा पेशींचं सांगावं, तर ती मलाही डॉक्टरीणबाईंसारखीच, सगळ्याला कारण नाही म्हणणारी समजणार. ती माझ्यापुढे उभी होती, तोंड किंचित उघडं, उत्तराची वाट बघत. तिला कारण हवं होतं. तिच्याजवळ आता दुसरं काही उरलं नव्हतं.

"म्हणाले," मी म्हटलं. "परवा म्हणाले."

ती हिशेब करावा तसं काहीतरी मनाशी पुटपुटली.

"मग उशीर झाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बऱ्याच दिवसांनी एखादी गोष्ट एकदाची समजावी, तसा सुटलेला आवाज. मग तिने पुढे होऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रडायला लागली. रावसाहेबाच्या घरून आले होते तेव्हासुद्धा तिने मला असं जवळ घेतलं नव्हतं. माझी कंबर अजून दुखत होती. मी पाठ भिंतीला लावली, तिचं सगळं वजन अंगावर घेतलं, आणि उभी राहिले.